आईने न विकलेला कापूस

त्या हिवाळ्यात आमच्या घरात माणसांना जागा नव्हती. पुढच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, आणि तो घसरून बाहेर येऊ नये म्हणून दारांच्या चौकटींना आडव्या फळ्या ठोकलेल्या. त्या फळ्या ओलांडून, गुडघाभर कापसातून वाट काढत आम्ही आतल्या खोलीत जायचो. ढीग आढ्याला टेकला होता. बीटी बियाण्याचं आमचं ते पहिलं भरघोस वर्ष. बोंडं अशी फुटली की वेचायला बाया पुरेनात, आणि सगळ्यांकडेच तसं पिकल्यामुळे भाव पार खाली गेला. तो वर आल्याशिवाय विकायचं नाही, असं घरात ठरलं. ठरलं तेव्हा आईला नुसता खोकला होता. संक्रांत जवळ आली तोवर ती बोलताना वाक्याच्या मध्येच थांबू लागली होती, आणि घरातला प्रत्येक जण ढिगाकडे एकदा आणि तिच्याकडे एकदा पाहू लागला होता.

ज्यांनी घरात साठवलेला कापूस पाहिला नाही त्यांना तो मऊ, स्वच्छ वाटतो. त्या कापसात आम्ही झोपायचो, म्हणून मी सांगू शकते. सकाळी कवाडाच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली की तिच्यात तंतू आणि धूळ इतकी दाट तरंगताना दिसायची, की हात घातला तर हाताला लागेल असं वाटावं. अंगाला खाज सुटायची. आई आम्हाला कडुनिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ घालायची, तरी मानेवर, कोपरांवर लाल गांधी उठायच्याच. घरात आवाज चढत नसे. कोणी हाक मारली तर ती कापूस गिळून टाकी. भांडण झालं तरी ते गोधडीखालून आल्यासारखं ऐकू येई. आगीच्या भीतीने चूल अंगणात गेली होती. पाहुण्याने बिडी पेटवली की बाबा त्याला हाताला धरून रस्त्यापर्यंत घेऊन जायचे. अंगणातल्या चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत व्हायचं. ज्या झाडाने घर भरलं त्याच्याच वाळक्या काड्यांवर ती वांगी इतकी छान भाजत, की खाताना माणूस भावाबिवाचं विसरून जाई. आजही शहरातल्या हॉटेलात भरीत मागवते आणि दोन घासांत ताट सरकवते. त्याला गॅसचा वास येतो.

मी पत्रकांवर वाढले. बाबा ज्या शेतकरी संघटनेत होते ती खुल्या बाजाराची मागणी करणारी होती. तिची गुलाबी, पिवळी पत्रकं घरात इतकी पडलेली असत की मला अक्षरओळख पुस्तकाच्या आधी त्यांच्या मथळ्यांवरून झाली. 'लूट' हा शब्द मला 'आई'च्या आधी लिहिता आला, असं मामा सगळ्यांना सांगायचा. मामा मोताळ्याला शाळेत मास्तर होता आणि बाबांच्या अगदी उलट पक्षाचा. शेतकऱ्याचा सगळा माल सरकारने ठरल्या भावाने घेतला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याचीही पत्रकं होती, लाल अक्षरांची. तीही आमच्या घरी यायची, कारण रविवारी तो यायचाच. तिसरं पत्रक बियाण्याच्या पाकिटासोबत आलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, पांढऱ्याशुभ्र शेतात हसणारा माणूस. त्यात काहीही मांडलेलं नव्हतं, कोणाला विरोध नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं, की त्या तिन्हींमध्ये जिंकलेलं पत्रक तेच होतं. माझं लिखाण अजून पत्रकासारखं असतं अशी एका संपादकांची तक्रार आहे. असू दे. ज्या घरात मी वाचायला शिकले तिथे कोणी कुजबुजत नव्हतं.

रविवारी अंगणात बाज टाकून मामा आणि बाबा बसले की आम्ही जवळ जाऊन बसायचो, कारण त्याहून चांगली करमणूक गावात नव्हती.

"भाव म्हंजे निरोप असते, मास्तर," बाबा म्हणायचे. "दूर कोठं कापूस कमी पडून राह्यला का जास्त झाला, हे माह्यासारख्या माणसाले भावच सांगते. तुमचं सरकार मधात हात घालते अन् निरोप फाडून फेकते."

"निरोप येते ना भाऊजी, पण तो वाचून कोण दाखवते? तीन व्यापारी. अन् ते तिघंबी सकायी एकाच टपरीवर चहा पेतात."

"मंग चौथा येऊ द्या, पाचवा येऊ द्या! दार तुम्हीच लावून ठेवलं."

"दार उघडं असलं तरी मंदीत कोणी येत नाई. धंदा बसला, सारे हात राखून बसले, तवा मोठ्या खिशाचा एक जण बाजारात उतरला पाह्यजे. सरकारनं कापूस घेतला, रस्ते काढले, लोकायले रोजी देली, त लोकायच्या हातात पैसा खेयते. मंगच ते कापड घेतात, अन् मंगच तुमचा कापूस उठते."

"अन् त्या मोठ्या खिशात भरते कोण? माह्याच खिशातून काढून मलेच वाटता! वरून खरेदी केंद्रावरचा प्रत लावणारा ग्रेडर मुठीत कापूस धरून म्हणते, पिवया हाय, भाव कमी लागन."

"बाहेरच्या देशात त्यायचं सरकार शेतकऱ्याच्या पाठीशी उभं हाय, म्हणून त्यायचा कापूस स्वस्त. तुमचा खुला बाजार खुला कोठं हाय?"

"मंग त्यायच्या सरकारले आवरा ना! माह्या बैलाले काऊन बांधता?"

तेवढ्यात चुलीकडून आईचा आवाज यायचा. "आधी जेवून घ्या बे दोघंबी. भाकरीले दोन्ही पक्षाचा पाठिंबा हाय."

विकायचं नाही, यावर मात्र त्या दोघांचं एकमत होतं. बाबांचा हिशेब असा होता की हंगामात सगळे एकदम विकतात म्हणून भाव पडतो, जो थांबतो त्याला बाजार बक्षीस देतो. मामाचा असा, की सरकारी खरेदी केंद्र आज ना उद्या उघडणार, तोवर खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे दारात टेम्पो लावून कापूस नेणाऱ्या व्यापाऱ्याला, बोटभरही द्यायचा नाही. एकाचा विश्वास बाजारावर, दुसऱ्याचा सरकारवर, आणि दोघांचं म्हणणं एकच, थांबा.

पण थांबण्यावर खरी श्रद्धा आईची होती. तिची शाळा चौथीत सुटली होती. बाबांची पत्रकं ती भाकरी थापताना समोर टेकवून वाचायची, आणि बाबांपेक्षा जास्त मनावर घ्यायची. संघटनेच्या महिला मेळाव्यात ती व्यासपीठावर बोलली होती. आंदोलनात पोलिसांच्या गाडीत बसून आली तेव्हा गल्लीतल्या बायांनी तिला ओवाळलं होतं. ती म्हणायची, "आपल्या घरात माल पडलेला व्यापाऱ्याले दिसते, पण आपली घाई त्याले जास्त दिसते. घाई झाकली पाह्यजे." त्या वर्षी तिने गल्लीतल्या बायांकडून शब्द घेतला होता. आपापल्या नवऱ्यांना सांगून कोणीही विकायचं नाही, आणि कोणाचा धीर सुटला तर तिने आधी आईकडे यायचं. आठ-दहा घरांमधला कापूस आईच्या शब्दावर थांबला होता. मला ती तेव्हा सेनापतीसारखी दिसायची. अजूनही तशीच दिसते. फक्त आता तिच्या छातीतून येणारी शीळही सोबत ऐकू येते.

संघटनेची मोताळ्याच्या बाजारात सभा होती आणि बाबांनी स्वतः पत्रक लिहिलं होतं. मोताळ्याला रफिकचाचांचा छापखाना होता, पायाने मारायच्या यंत्राचा. दोन्ही पक्षांची पत्रकं तिथेच छापली जात. रफिकचाचा शिशाचे खिळे जुळवता जुळवता दोन्हीकडच्या मजकुराला सारखीच दाद द्यायचे. त्यांना विचारलं, चाचा तुमचा पक्ष कोणता, तर म्हणायचे, "बेटा, आपला पक्ष शाईचा. कोनाच्याबी हाताले लागते." बाबांचा मथळा होता 'कापूस बाजार मुक्त करा'. मोठ्या खिळ्यांमध्ये तो एका ओळीत बसेना. चाचांनी नेहमी करायचे तेच केलं, मधली मोकळी जागा काढून ओळ दाबून बसवली. बाजाराच्या दिवशी गठ्ठे सुटले आणि सगळ्या मोताळ्याच्या हातात पडलं, 'कापूस बाजारमुक्त करा'.

म्हणजे कापूस बाजाराच्या तावडीतून सोडवा. म्हणजे अगदी मामाची मागणी.

मिरच्यांच्या ढिगाशी उभा राहून मामा ते मोठ्याने वाचत होता. "या भाऊजी, या! अखेर आपल्या पक्षात आले. आता लाल टोपी देतो तुम्हाले."

बाबा तसेच छापखान्यात गेले. आम्ही मागोमाग. "चाचा, एका जागेपायी तुम्ही माह्या साऱ्या विचाराचं वाटोळं केलं!"

"अरे भाऊ, जागा नव्हती म्हनून जागा काढली," चाचा शांतपणे म्हणाले. "इतका मोठा विचार हाय तुमचा, अन् तो एवढ्याशा फटीवर उभा व्हता का?"

रस्त्यावरची माणसं हसली. पुढे मी अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली, परिषदांना गेले, बाजार आणि सरकार यांच्या मध्ये किती अंतर असावं यावर विद्वानांना टेबल बडवताना पाहिलं. मला दर वेळी तो शिशाचा बारीक कोरा तुकडा आठवतो, दोन शब्दांच्या मध्ये घालतात तो.

घरी येऊन मामाने हा प्रकार आईला साभिनय सांगितला. आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, मग चुलीशेजारी बसून हसली, मग हसण्यातून खोकला उठला आणि तो थांबेना. आम्हीही आधी हसतच होतो. मग मामाचा चेहरा बदलला. आईने एक हात जमिनीवर रोवला होता, तिच्या गळ्याशी खड्डा पडत होता, ओठ जांभळट झाले होते. बाबांनी तिची पाठ चोळली. बऱ्याच वेळाने श्वास परत आला तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "पत्रक दुसऱ्यांदा छापून घ्या."

त्यानंतर बाबा आणि मामा दोघांचीही तत्त्वं ढिली पडली. गावातल्या डॉक्टरने धुळीपासून दूर राहायला सांगितलं होतं, आणि आमच्या घरात धुळीपासून दूर अशी जागाच नव्हती. आईला अंगणात झोपवावं तर थंडी तिला आणखी जड जायची. मी दोन दिवस भावाकडे राहून येते असंही ती म्हणेना, कारण तिची पाठ फिरली की कापूस जाईल हे तिला पक्कं माहीत होतं. मग एक दिवस बाबा काही न सांगता मोताळ्याला गेले, सरकारी केंद्र कधी उघडणार याची चौकशी करायला. आयुष्यभर ज्या केंद्रांना त्यांनी शिव्या घातल्या त्यांच्या बंद फाटकाशी जाऊन त्यांनी चौकीदाराची मनधरणी केली. त्याच सकाळी मामा पन्नाशेठ नावाच्या खेडा खरेदीवाल्याच्या ओट्यावर बसला होता, टेम्पो पाठवा म्हणून. परत येताना दोघे एकमेकांना रस्त्यात भेटले. काय बोलले ते कोणीच सांगितलं नाही. बाबा एवढंच म्हणायचे, "मास्तर रडून राह्यला होता."

पन्नाशेठचा टेम्पो दुसऱ्या दिवशी अंगणात लागला. काटा उतरला, गठ्ठे बांधायची फडकी उतरली. आई फळी ओलांडून आत गेली आणि ढिगावर चढून बसली.

"उतर इंदू," बाबा म्हणाले.

"नाही उतरत."

"श्वास पाह्य आपला."

"माहा श्वास माहा हाय. भाव साऱ्यायचा हाय. आज आपण देला त उद्या शेजारची सुभद्रा देईन, परवा सारी गल्ली देईन. माह्या शब्दावर बसल्या त्या."

मामा फळीशी उभा होता. "बाई, मी हात जोडतो तुले. जाऊ दे हा कापूस."

"तू कोणाले हात जोडतं? त्या शेठले का मले? कालपर्यंत त तू म्हणे त्याले बोटभर द्यायचा नाही."

"काल तुले असा दम लागत नव्हता."

"दम लागते म्हणून तत्त्व बदलते का बे? मंग ते तत्त्व नाही, हवा हाय."

हे सगळं ती एका दमात बोलली नाही. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. पन्नाशेठ बाहेर बाजेवर बसून चहा पीत होता. तो भला माणूस होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. त्याने आत डोकावून पाहिलं आणि काटा परत टेम्पोत ठेवायला सांगितला. जाताना बाबांना म्हणाला, "घरची बाई बसलेल्या मालाले मी हात लावत नाही." आई जिंकली होती. ढिगावरून उतरताना तिने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला.

शेवटच्या वेचणीचा कापूस आला तेव्हा तो ठेवायला कोपरासुद्धा नव्हता. भर दुपारी आई जुना ढीग पायाने तुडवून जागा करायला आत गेली. मी अंगणात तुरीच्या शेंगा उकडत होते. आतून आवाज आला नाही. येणारही नव्हता, त्या घरातून आवाज बाहेर येतच नसे. हाक मारायला आत गेले तेव्हा ती कापसात अर्धी रुतून पडली होती आणि तोंड माशासारखं उघडत-मिटत होती.

शेजारच्यांच्या जीपमधून तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिच्याजवळ मी राहिले. नाकाला नळी लावलेली असतानाही तिने मला जवळ ओढून सांगितलं, "बाबाले सांग, माह्या माघारी घरातल्या मालाले हात लावायचा नाही." संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी निरोप दिला. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची समजून मी आईला तसं सांगितलं आणि ती झोपली. दवाखान्याच्या त्या पलंगाशी बसून मी मनातल्या मनात बाबांवर पत्रकं लिहीत होते. कोणत्या बाजूने लिहावं ते मात्र उमगत नव्हतं. त्यांनी विकलं तर आईचा शब्द मोडतो. नाही विकलं तर आईला घरीच नेता येत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा दार सताड उघडं होतं. फळ्या काढलेल्या. भिंतींना चुना, जमीन शेणाने सारवलेली, तिच्यावर बोटांच्या ओळी अजून ओल्या. मी "बाबा" अशी हाक मारली आणि आमच्याच घरात माझा आवाज फिरून परत आला, तेव्हा मला दचकायला झालं. आई उंबऱ्यात उभी राहिली. गल्लीतून एक टेम्पो भरून चालला होता. सुभद्राकाकूच्या दारातही फडकी पसरलेली होती. काकूने आईकडे पाहिलं आणि ती घाईघाईने आत गेली.

"कोणी देला?" आईने विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मामाही त्याच क्षणी म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा दोघे एका प्रश्नाचं एकच उत्तर देत होते. आई खाली बसली.

"तुम्ही म्हणता, विकणाऱ्याच्या मर्जीनं सौदा झाला पाह्यजे. हा म्हणते, साऱ्यायनं मिळून ठरवलं पाह्यजे. मंग मले कोणी इचारलं? वेचला कोणी, निंदला कोणी? यायनंही नाई, त्यानंही नाई. माह्याच घरातून आधी गेला. आता मी कोणत्या तोंडानं नळावर जाऊ?"

"तू वाचली पाह्यजे होती इंदू," बाबा म्हणाले. त्यांचे हात चुन्याने पांढरे झाले होते. "दुसरा काही हिशेब नव्हता माह्याजवळ."

बाबा चुकले असं मला लिहिता येत नाही. आईला विचारलं नाही, हे मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. धोरणं आखणाऱ्यांची भाषणं मी ऐकते. कोणी म्हणतं हात काढा, कोणी म्हणतं हात घाला, आणि ज्याच्या भल्यासाठी हे चाललेलं असतं तो त्या वेळी नाकाला नळी लावून दुसऱ्या गावात पडलेला असतो.

आईचा श्वास पुरता परत आला नाही. ती पुन्हा मेळाव्याला गेली नाही. पत्रकं घरात यायची, ती त्यांच्यावर पापड वाळवायची. सरकारी केंद्र उघडलं ते आमची गल्ली रिकामी झाल्यावर. आणि भाव वर आलाच नाही. आम्ही विकल्यानंतर तो आणखी खाली गेला. सगळी गल्ली एकदम विकायला निघाली म्हणून तो पडला, की तो पडणारच होता, यावर बाबा आणि मामा म्हातारे होईपर्यंत वाद घालत राहिले. मी वाचलेल्या एकाही पुस्तकाने तो मिटवला नाही.

भाव पडल्याचं कळलं त्या दिवशी मात्र बाबा बाजारातून जवळजवळ धावतच आले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. आई अंगणात तूर पाखडत बसली होती.

"इंदू, ऐकलं का? भाव अजून पडला. आपण थांबलो असतो त पार बुडलो असतो. बरं झालं देला."

आईने सूप खाली ठेवलं. श्वास गोळा केला.

"पडला असता त पडला असता," ती म्हणाली. "पण माह्या हातात पडला असता."